छोट्या साहेबांचं मत

घरात पहिलं खेळणं आलं ते आमच्यासाठी नव्हतं. हसनाबादला माझ्या नणंदेच्या मुलाचा वाढदिवस होता आणि नवऱ्यानं त्याच्यासाठी जालन्यातल्या एका दुकानातून वीतभर रोबो आणला होता. हातपाय दुमडले, मान आत ढकलली की त्याची मोटार व्हायची. देण्याआधी बराबर चालतो का बघू, म्हणत त्यानं खोकं उघडलं आणि सगळा रविवार त्यातच घालवला. जेवायला हाक मारली तर म्हणाला, "थांब जरा, याचं एक चाक कुठं जातं तेच शोधून राह्यलो." वाढदिवसाला आम्ही शेवटी क्रिकेटची बॅट घेऊन गेलो. रोबो टीव्हीशेजारी राहिला.

नवऱ्याला मी घरात अहो-जाहो करते. इथं 'तो' लिहिते आहे, कारण हे सगळं आठवताना तो मला बऱ्याचदा माझ्याहून लहान वाटतो.

तो बियाण्यांच्या एका कंपनीत उगवण तपासायचं काम करतो. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, किती उगवले, किती कुजले, कुठला कोंब वाकडा निघाला ते बघायचं आणि माल पास की नापास ते सांगायचं. मी बदनापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. राहायला आम्ही जालन्यातच. लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. एकदा राहिलं होतं, तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर संभाजीनगरच्या दवाखान्यात पुष्कळ खेटे घातले. एकदा परत येताना रस्त्यात चहाला थांबलो, तेव्हा तो म्हणाला, "आता बास करू. तुझे हाल बघवंनात मला." मी हो म्हटलं. चहा पिऊन घरी आलो आणि त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत टीव्हीशेजारचं कपाट भरलं. मोटारी होणारे, ट्रक होणारे, एक तर उंट होणारा. घरी कुणी आलं की आधी कपाटाकडं बघायचं आणि मग माझ्याकडं. कुणाचं लेकरू बरोबर असलं तर ते हात लावायला धावायचं, आणि त्याची आई त्याला ओढून म्हणायची, "राहू दे रे, काकांची आहेत ती." ती हे इतक्या सांभाळून म्हणायची की मला पाणी आणायच्या निमित्तानं आत जावं लागायचं.

व्हिडिओ करायची कल्पना त्याच्या कामावरच्या एका मित्राची. असल्या खेळण्यांची माहिती मराठीत कुणी देत नाही, तू दे, तुला पारखता येतं, असं तो म्हणाला. मग रविवारी दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरायचो. मी मोबाईल धरायची. दिसायचे फक्त त्याचे हात. बोलणं त्याचं ते हसनाबादी, न्हाई आणि मंगचं. सुरुवातीला मी त्याला टोकायची, जरा नीट बोला म्हणायची. पण बघणाऱ्यांना तेच आवडलं.

पारखायची त्याची स्वतःची रीत होती. आधी रोबो माणूस म्हणून कसा आहे ते बघायचं. उभा राहतो का, खांदे हलतात का, चेहऱ्यावर काही भाव आहे का. मग गाडी म्हणून कशी आहे. आणि शेवटी, एकाचं दुसरं होताना ते किती छळतं. या तिसऱ्या गोष्टीला तो सगळ्यात जास्त मान द्यायचा. माणूस चांगला आणि गाडी चांगली, पण मधला रस्ता खराब असेल तर पोरगं ते खेळणं दोन दिवसांत कोपऱ्यात टाकतं, असं त्याचं म्हणणं. मीसुद्धा मोबाईलमागून प्रश्न विचारायला लागले. ही बिजागरी पांढरी का पडली? हा हात पाठीमागं का राहिला? त्या दुपारी आम्ही दोघं जेवढं बोलायचो तेवढं आठवडाभरात बोलत नव्हतो.

एकदा एका व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं, "काका, तुमच्या पोराची मजा आहे राव." दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर त्याखाली नवऱ्यानं उत्तर दिलं होतं, "हो, खूष असतो तो."

मी विचारलं, हे काय लिहिलंत. तो म्हणाला, कुणाकुणाला काय समजावत बसू, बोललो एक शब्द आणि मिटवलं. मला ते पटलं. असं आपण कितीदा करतो. बसमध्ये शेजारची बाई विचारते, मुलं किती, आणि आपण काहीतरी सांगून खिडकीबाहेर बघतो.

पण पुढच्या रविवारी, पिवळ्या रंगाचा एक रोबो हातात फिरवत तो सहज म्हणाला, "आमच्या घरच्या छोट्या साहेबांना मात्र हा रंग काही पटला न्हाई."   मी मोबाईल बंद केला नाही. आणि त्याच्या पुढच्या वेळेला, सगळं बोलून झाल्यावर, मोबाईलमागून मीच विचारलं, "आणि छोट्या साहेबांचं मत काय?"

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग हसला. असा हसलेला मी त्याला फार दिवसांनी पाहत होते.

तिथून ते सुरू झालं. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी छोट्या साहेबांचं मत. त्यांना पिवळा आवडत नाही. ट्रकपेक्षा विमानं आवडतात. खेळणं दप्तरात लपवून शाळेत नेतात आणि आईची बोलणी खातात. लोक त्या मताची वाट बघायला लागले, खाली त्यालाच प्रश्न विचारायला लागले. आम्ही त्याला नाव कधी दिलं नाही. वय दिलं होतं, आठ. आठच का, हे मी नवऱ्याला विचारलं नाही. हिशोब मलाही येत होता.

मोबाईल बंद असतानाही तो असायचा. दुकानात एखादं खेळणं बघून नवरा म्हणायचा, "हे न्हाई चालणार त्याला." मी म्हणायची, "दाखवू पण नका, हट्ट धरेल." आम्ही वेडे नव्हतो. दोघांनाही सगळं माहीत होतं. तरी घरात त्याचं जाणं-येणं होतं आणि आम्हाला बरं वाटत होतं.

त्याच दिवसांत ते विमान आलं. तळहातावर मावेल एवढं, लाल-पांढरं. मी पाहिलेल्या सगळ्या खेळण्यांत ते देखणं. अशा विमानांच्या पोटाखाली रोबोचे हात कोंबडीच्या पायांसारखे लोंबत राहतात, पण याचे हात पंखांच्या आत बेमालूम जायचे. तीन बारीक चाकांवर ते टेबलावर नीट उभं राहायचं. माणूस म्हणून तितकं जमलेलं नव्हतं. खांदे अरुंद, आणि दोन्ही पंख पाठीला सूप बांधल्यासारखे मागं निघालेले. पण चेहरा शांत होता, आणि छातीवर वैमानिकाची काच होती, तिच्यातून आत एक चिमुकली खुर्ची दिसायची. नवरा बराच वेळ त्या खुर्चीकडंच बघत होता.

मधला रस्ता मात्र कठीण होता. दोन्ही पाय जोडून फिरवायचे, आणि शेवटी पाठीचा तुकडा दाबून एक खुंटी खाचेत बसवायची. ती बसेना. त्यानं दाबलं, निसटलं. परत दाबलं. टक असा आवाज आला तेव्हा त्याचा अंगठा लाल झाला होता. त्यानं तो पँटीला पुसला आणि व्हिडिओत म्हणाला, "इथं जरा जोर लागतो. पण आमच्या छोट्या साहेबांनी एका दमात केलं. आठ वर्षांच्या पोराला जमतं म्हंजे कुणालाबी जमंल."

मी मोबाईलमागून म्हणाले, "आता तर डोळे झाकून करतो."

दहापैकी नऊ गुण दिले. आमचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तोच.

थंडी सुरू झाली होती. चतुर्थीला आम्ही राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो. दर्शन झाल्यावर बाहेर एका हॉटेलात साबुदाण्याची खिचडी खायला बसलो. नवरा हॉटेलवाल्याला काहीतरी सांगत होता. तेवढ्यात पलीकडच्या बाकावरची एक मुलगी एकदम वळली. दुसरी-तिसरीतली असेल. तिनं डोळे बारीक करून त्याचे हात बघितले आणि आईला म्हणाली, "आई, हेच काका. त्या व्हिडिओतले."

तिची आई शेतकऱ्याच्या घरची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. हसनाबादच्या अलीकडच्या एका वस्तीवरून आल्या होत्या दोघी. मुलगी उठून आमच्या बाकापाशी आली आणि आधी इकडंतिकडं बघून तिनं विचारलं, "छोटे साहेब कुठंयत?"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

"मामाच्या गावाला गेलाय," तो म्हणाला.

मला भाऊ नाही.

मुलीचा चेहरा उतरला. तिनं आईच्या पिशवीत हात घालून ते लाल-पांढरं विमान काढलं. विमान नव्हतं ते, आणि माणूसही नव्हता. मध्येच अडकलेलं होतं, पाय जुळलेले आणि पाठ उघडी. पुण्याच्या काकाकडं हट्ट करून तिनं ते मागवलं होतं, असं तिच्या आईनं सांगितलं. आमचा व्हिडिओ पाहूनच.

"रोज घेऊन बसती हो," आई म्हणाली. "इमान काही होईना तिच्याच्यानं. म्हणती, त्या पोराला येतं, मला कामून येईना? परवा तर शाळंत जायना झाली. म्हणली, मी ढ हाय."

हे सांगताना बाई हसत होती. मुलगी हसत नव्हती. तिचा उजवा अंगठा मी बघितला. टोकाला फोड येऊन फुटून गेला होता, कातडी कडक झाली होती.

नवऱ्यानं ताट बाजूला सरकवलं आणि ते खेळणं हातात घेतलं. आधी त्याच्याच्यानंही खुंटी बसली नाही. दुसऱ्यांदा बसली. त्यानं ती परत काढली, मुलीच्या हातात दिलं, तिची बोटं आपल्या बोटांत धरून दाबून बघितली. त्या बोटांत तेवढा जोरच नव्हता. कुठल्याच तेवढ्या बोटांत नसता. आमच्या टेबलावर ते कधी तसल्या बोटांत गेलंच नव्हतं, म्हणून आम्हाला कळलं नव्हतं. दाणे मोजताना जो माणूस एक वाकडा कोंब सोडत नाही, त्यानं हे न तपासता पास करून टाकलं होतं, आणि मी बाजूला उभी राहून त्यावर आणखी एक शिक्का मारला होता.

"हे बघ बेटा," तो म्हणाला, "तुला हे जमत न्हाई यात तुझी काही चूक न्हाई. खेळणंच कडक हाय. मी चुकीचं सांगितलं."

मुलीनं विचारलं, "मंग त्याला कसं जमतं?"

नवरा खाली बघत म्हणाला, "त्यालाबी न्हाई जमत. मीच करून देतो."

मुलीनं हातातल्या विमानाकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्यो खोटं बोलला."

"न्हाई," नवरा घाईनं म्हणाला. "तो न्हाई बोलला. तो कधीच असं बोलला न्हाई. मी बोललो. माझंच चुकलं सगळं."

त्याच्या आवाजानं हॉटेलवाला वळून बघायला लागला. मी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. मुलीच्या आईला हे जरा जास्तच वाटलं असावं. ती म्हणाली, अहो भाऊ, एवढं काय त्यात, लेकराचं बोलणं ते. आणि मग वातावरण हलकं करायला तिनं आम्हाला हुरड्याला बोलावलं. जानेवारीत ज्वारी हुरड्यात येईल, तुमच्या पोराला घेऊन या, दोघं लेकरं खेळतील, म्हणाली. नवऱ्याचा नंबर मागितला. मला वाटलं तो एखादा आकडा चुकवेल. त्यानं बरोबर नंबर दिला.

आम्ही घरी आलो. त्या रविवारी त्यानं मला मोबाईल धरायला बोलावलं नाही. स्वयंपाकघरातला डाळीचा डबा आणून त्याला मोबाईल टेकवला आणि एकट्यानंच नवा व्हिडिओ केला. विमानाची मागची पारख चुकली होती, असं त्यानं सरळ सांगितलं. लहान मुलांच्या बोटांना हे जमण्यासारखं नाही. मोठ्या माणसानं पॉलिश पेपरनं ती खुंटी थोडी घासून द्यावी, मग बसते. आणि ज्या मुलांना जमलं नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. नवाचे चार गुण केले. छोट्या साहेबांचं मत त्यात नव्हतं.

लोकांनी तेच विचारलं. छोटे साहेब कुठं गेले? रुसले का? परीक्षा आहे का? नवरा कुणालाच उत्तर देत नव्हता. मग कुणीतरी अंदाज केला की आजारी असतील, आणि एकामागून एक तशा ओळी यायला लागल्या. काळजी घ्या. लवकर बरे व्हा छोटे साहेब. एका बाईनं लिहिलं होतं, बाळासाठी प्रार्थना करते.

ती ओळ त्यानं मला वाचून दाखवली. वाचून झाल्यावर मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि गच्चीवर गेला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा सगळं पुसून टाकलेलं होतं. एकूण एक व्हिडिओ. मला विचारलं नव्हतं. मी चिडले. त्यात माझाही आवाज होता, असं म्हणाले. मग म्हणाले, "तिथंच त्या पोरीला खरं सांगून टाकायचं होतं."

"काय सांगायचं?" त्यानं विचारलं. "व्हता म्हणायचं, का नव्हता म्हणायचं?"

मी शाळेची पिशवी उचलून आत गेले. 

जानेवारीत त्या बाईचा फोन आला. नवऱ्यानं स्क्रीनवर नंबर बघितला आणि फोन माझ्यासमोर ठेवला. आम्ही दोघं तो वाजताना बघत बसलो. आठवड्यानं परत आला, तेव्हाही तसंच. आम्हा दोघांना जाता आलं असतं. पोरगा आला नाही, त्याची शाळा आहे, एवढं म्हणून भागलं असतं. किंवा शेताच्या बांधावर बसून त्या बाईला खरं काय ते सांगता आलं असतं. ती काही आम्हाला हाकलून देणारी बाई नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी मोबाईलवर मुलीचा आवाज आला. आईच्या फोनवरून पाठवलेला. मागं कोंबड्या ओरडत होत्या. ती म्हणत होती, "काका, आबांनी घासून दिलं. आता होतंय. मी एकटी करते. तुमचे व्हिडिओ दिसंनात, कामून? आन् त्याला सांगा, लई घासू न्हाई, थोडंच घासायचं. न्हाईतर ढिलं होतं." मग नुसत्या कोंबड्या, आणि शेवटी, "त्याला म्हणावं, जमतंय."

नवऱ्यानं ते दोनदा ऐकलं. मी म्हणाले, मी लिहिते तिला काहीतरी, शाबास तरी म्हणते. तो म्हणाला, "राहू दे. एक लिहिलं की दुसरं लिहावं लागतं." त्याचं खरं होतं, म्हणून मी राहू दिलं.

पुढं तो फोन खराब झाला आणि जुनं सगळं गेलं, नंबरही आणि तिचा आवाजही. खेळणी मी हळूहळू शाळेत नेली. नवऱ्यानं अडवलं नाही. पोरांनी महिन्याभरात त्यांचे हातपाय वेगळे केले. कपाटात आता पाहुण्यांसाठीच्या कपबशा आहेत. रविवारी दुपारी तो झोपतो. या सगळ्याला आता सात वर्षं झाली; कधी वर्तमानपत्रात दहावीच्या परीक्षेची बातमी आली की ते पान तो जरा जास्त वेळ वाचतो, आणि मी तेवढ्यात चहा टाकायला उठते.

हसनाबादला आमचं जाणं-येणं असतंच. वाटेत वस्तीकडं जाणारे दोन-तीन कच्चे रस्ते लागतात, त्यांतला त्यांचा कुठला ते मला माहीत नाही. मुलगी आता मोठी झाली असेल. आम्हाला विसरलीही असेल. पण तिनं निरोप पाठवला होता, आणि आपलं बोलणं कुणी ऐकलं की नाही हे तिला कधी कळलं नाही. शाबास हा एक शब्द मी त्या दिवशी पाठवायला हवा होता.